साडूच्या घरचा लोड

वायरमन फरशीवर पोटावर आडवा झाला आणि टेपचं एक टोक त्याने अंगठ्याने दाबून धरलं. दुसरं टोक घेऊन त्याचा साडू मागे मागे सरकत होता. सरकता सरकता दुसऱ्या हातातलं माहितीपत्रक मोठ्याने वाचत होता, त्यामुळे तो कुंडीवर जाऊन आपटला.

“सहा आसनी,” कुंडी सरळ करत साडू म्हणाला. “एकावन्न जेट.”

“विमानं?” खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं.

“पाण्याचे फवारे, बाबा. पाठीला, पोटऱ्यांना. मानेला वेगळे.”

सासरे निवृत्त गणितशिक्षक होते. एकावन्नला सहाने भाग जात नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर लगेच उमटलं. मग त्यांनी अंगणातली माणसं मोजली. आपण स्वतः, दोन मुली, दोन जावई. पाचानेही जात नव्हता.

“कुणाला तरी कमी पडणार,” ते म्हणाले.

टब अजून यायचा होता. गरम पाण्याचा, बुडबुड्यांचा, मोटारगाडीएवढा टब. मागच्या महिन्यात सासऱ्यांच्या वाढदिवसाला साडूने तो जाहीर केला होता, आणि आज सगळे तो कुठे बसणार ते बघायला जमले होते. सासऱ्यांनी पिशवीतून पोहण्याची नवी चड्डी आणली होती. आज उपयोग नाही हे त्यांना कळत होतं, पण असू दे बरोबर, असं त्यांचं म्हणणं. विकणाऱ्यांची एकच अट होती. घराला टबाचा लोड झेपतो, असं परवाना असलेल्या वायरमनने सही करून दिल्याशिवाय ते टब पाठवणार नव्हते. परवाना असलेला वायरमन घरातच होता, थोरला जावई म्हणून.

“लोड घेऊ नका, दादा,” साडू म्हणाला. “आरामात मोजा.”

हे त्याचं पालुपद. ज्याचं पोट लोड घेण्यावर चालतं त्याला हे गेली आठ वर्षं ऐकावं लागत होतं.

आठ वर्षांपूर्वी ह्या घराचं वायरिंग वायरमननेच केलं होतं. तेव्हापासून दर वर्षी इथे एक नवीन यंत्र येई, सासऱ्यांच्या वाढदिवसाला ते जाहीर होई, आणि त्याच्यासाठी पॉइंट काढायला वायरमनला बोलावणं येई. एसी, दुसरा एसी, भिंतीतला ओव्हन, चालायची ट्रेडमिल, भांडी धुणारं यंत्र. दुसऱ्याचं वैभव बघून लोक जळतात तेव्हा ते निदान मोघम जळतात. वायरमनला साडूचं वैभव वॉटमध्ये पाठ होतं. त्याच्या स्वतःच्या घरी गीझरच्या स्विचवर तीन वर्षं चिकटपट्टी लावलेली होती, आणि ती काढून स्विच बदलायला त्याला सवड झाली नव्हती.

मागच्या वर्षी भांडी धुण्याच्या यंत्राच्या वेळी जरा जास्त झालं. पॉइंट चुकीच्या भिंतीला येतोय, ओल धरेल, थांबा, बघू, असं करत त्याने ते यंत्र तीन आठवडे खोक्यातच बसवून ठेवलं. शेवटी मेहुणीने दुसरा वायरमन बोलावला. त्याने दहा मिनिटांत काम केलं आणि जाताना विचारलं की ह्यात अडचण काय होती. तेव्हापासून नात्यात एक समज पक्का झाला होता. मेहुणीकडची लाईट गेली तरी लोक आधी वायरमनकडे बघत. बायकोने दोन दिवस अबोला धरला होता, आणि तिसऱ्या दिवशी अबोला सोडून जे बोलली त्यापेक्षा अबोला बरा होता.

म्हणून आज त्याने मनाशी ठरवलं होतं, की काही झालं तरी खोट काढायची नाही. तोंड गोड ठेवायचं. टब बसत असेल तर बसतो म्हणायचं, आणि घरी जाऊन काय दुखायचं ते दुखू दे.

तो उठला, गुडघे झटकले आणि नियम सांगायला लागला, कारण नियम सांगताना चेहरा आपोआप निर्विकार राहतो. टबाला स्वतंत्र लाईन लागेल, बत्तीस अँपिअरची. मध्ये जोड नको, एक्स्टेंशन बोर्ड तर स्वप्नातसुद्धा नको. गेलेला करंट आणि परत आलेला करंट ह्यांत केसाएवढा फरक पडला तरी लाईन पाडणारा ब्रेकर लागेल, कारण फरक पडला म्हणजे मधला करंट कुणाच्या तरी अंगातून चाललाय. आसपासच्या सगळ्या लोखंडाला अर्थिंग. पाणी दीड हजार लिटर, माणसं धरून दोन टन, तेव्हा खाली सिमेंटचा जाड थर. आणि बंद करायचा स्विच त्या भिंतीवर.

“इतक्या लांब?” सासऱ्यांनी विचारलं. “टबातून उठून जावं लागेल.”

“तोच नियम आहे, बाबा. टबात बसल्या बसल्या दिसला पाहिजे, पण हात पोचता कामा नये.”

ह्याच नियमाने तो आठ वर्षं साडूच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहत होता.

मग त्याने पाठीमागच्या खिशातून कागद काढला आणि उभ्या उभ्या घराच्या लोडची यादी केली. आत जायची गरजच नव्हती. पेन्सिल कुठेही न अडखळता खाली उतरली. बेरीज चौदा किलोवॉट आली. टबाचे सात. एकवीस. घराला मंजूर लोड पंधरा.

टब बसत नव्हता. वायरमनने बेरीज पुन्हा केली, आणि ती पुन्हा एकवीस आली तेव्हा छातीत कुणीतरी पंखा लावल्यासारखं त्याला वाटलं. खोट काढावीच लागली नव्हती, खोट आपल्या पायांनी चालत आली होती. आता फक्त हे दुःखी चेहऱ्याने सांगायचं होतं, आणि दुःखी चेहरा करायला त्याला थोडा वेळ हवा होता. शिवाय त्याचा एक जुना शिरस्ता होता, की सही करायची तर डोळ्यांनी बघून करायची, पाठांतरावर नाही. तेव्हा आत जाऊन मीटर लावून येतो, असं म्हणून तो निघाला.

मेहुणी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती. बाहेर येताना दर वेळी ती स्वयंपाकघराचं दार पाठीने लोटून घेत होती. वायरमन आत निघालेला बघून ती ट्रे ठेवून लगबगीने त्याच्या मागे आली.

“बोर्ड तर दारातच आहे, भाऊजी. आत पसारा पडलाय.”

“पसाऱ्याचा लोड नसतो,” वायरमन म्हणाला. “घरातलं सगळं चालू करा.”

बोर्डावरची नावं त्याच्याच अक्षरात होती. ओव्हन, एसी, एसी, ट्रेडमिल. त्याने मुख्य वायरभोवती मीटरचा चिमटा अडकवला. मेहुणी खोल्याखोल्यांतून फिरत होती, स्विचचा खटखट आवाज येत होता. पूर्ण लोडवर हे घर साठ अँपिअरच्या पुढे जायला हवं होतं. मीटर पंधरावर थांबला.

“सगळं चालू आहे?”

“गीझरसुद्धा,” मेहुणी आतून म्हणाली.

त्याने मीटरला दोन चापट्या मारल्या. सेल बघितला. मग चपला काढून आत गेला.

झोपायच्या खोलीत भिंतीवर एसीएवढा पांढरा चौकोन होता आणि पाइपाच्या भोकात वर्तमानपत्राचा बोळा. ओव्हनच्या खाचेत इस्त्रीचे कपडे रचले होते. ट्रेडमिलच्या जागी सतरंजीवर चार खळगे तेवढे होते. भांडी धुण्याच्या यंत्राच्या जागेवर भांडी होती, धुतलेली, उपडी घातलेली.

“सर्व्हिसिंगला दिलंय,” मेहुणी म्हणाली.

“सगळं एकदम?”

“एकदम दिलं की बरं पडतं.”

वायरमनने मान हलवली. सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं. जुनं काढून टाकलं, आता नवं येणार. टबाबरोबरच येणार, संचच घेतला असणार. ओव्हनची जागा बघून तर तो जागच्या जागी थांबला, कारण जो माणूस तीन किलोवॉटचा चालता ओव्हन काढून टाकतो, तो त्या जागी काय आणणार ह्याला काही मर्यादाच राहत नाही. आजवर तो ह्या घरात जे होतं त्यावर जळला होता. रिकाम्या जागेवर जळायची ही पहिलीच वेळ.

पण डोळ्यांना दिसलं होतं ते साडेतीन किलोवॉट. टबाचे सात धरून साडेदहा. मंजूर पंधरा. शिरस्ता म्हणजे शिरस्ता, आणि केलेला निश्चय म्हणजे निश्चय. तो बाहेर आला, गार झालेल्या चहाचा कप उचलला आणि औषध घेतल्यासारखा पिऊन टाकला.

“बसतो टब,” तो म्हणाला. “आरामात.”

सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की लग्नाला इतकी वर्षं झाली नसती तर तो लाजला असता. कागद दे, सही होऊन जाऊ दे, असं सासरे म्हणायला लागले. साडू मात्र बाजूलाच उभा होता. त्याने माहितीपत्रकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग त्याने वायरमनला घराच्या बाजूला, मीटरच्या पेटीजवळ नेलं.

“दादा, तुम्ही हो का म्हणालात?”

“बसतो म्हणून.”

“तुम्ही कधीपासून हो म्हणायला लागलात?”

वायरमनला प्रश्न कळला नाही. साडूने अंगणाकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. चार महिन्यांपूर्वी कंपनीने त्याचा विभागच बंद केला होता. तो रोज सकाळी टाय लावून वाचनालयात जाऊन बसत होता. तिथल्या बाई परवा म्हणाल्या, टाय नसला तरी चालतं इथे. घरातल्या वस्तू एकेक करून गेल्या होत्या. टब कुणी मागवला नव्हता, कुणाला मागवायचा नव्हता. वाढदिवसाला सगळ्यांसमोर बाबांनी विचारलं, यंदा काय नवीन, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं. आदल्या दिवशी दाताच्या दवाखान्यात बसल्या बसल्या त्याने एका जुन्या मासिकात टबाचं चित्र बघितलं होतं. मासिकात मिक्सरचं चित्र असतं तर आज ही वेळ आली नसती.

“नाही घेत म्हणून सांगायचं,” वायरमन म्हणाला.

“का नाही घेत, असं विचारतील. बाबा उत्तर मिळेपर्यंत विचारतात, शिक्षक आहेत ते. मग सगळंच बाहेर येईल.” साडूने पुन्हा अंगणाकडे पाहिलं. “ही सही कुठल्याही वायरमनने केली असती, दादा. मी मुद्दाम तुम्हाला बोलावलं. म्हटलं, अख्ख्या नात्यात एक माणूस आहे जो नक्की नाही म्हणेल.”

वायरमनच्या कानशिलांना ऊब आली.

“म्हणजे मी जळतो असं तुम्हाला वाटतं?”

“नाही जळत?”

मीटरच्या पेटीत चकती संथपणे फिरत होती. गीझर अजून चालूच होता. वायरमनने पेटीचं झाकण उगाच उघडलं आणि लावलं. पांढरा चौकोन, खाचेतले कपडे, सतरंजीवरचे खळगे हे सगळं त्याने दहा मिनिटांपूर्वी बघितलं होतं आणि आता बघत होता. भांडी उपडी घातलेली होती, एकात एक, पाणी निथळायला. मेहुणीच्या हातांकडे त्याने लक्षच दिलं नव्हतं.

“गीझर बंद करायला सांगा,” तो म्हणाला आणि अंगणात गेला.

बसणार नाही टब, असं तो म्हणाला तेव्हा सासऱ्यांना वाटलं, गंमत चालली आहे. मग त्यांनी चष्मा लावला.

“मघाशी काय झालं होतं?”

“मघाशी जे चालू होतं तेवढंच धरलं. चूक झाली.”

“बेरजेत तुम्ही चुकत नाही, जावईबापू. वाचा मोठ्याने. मी करतो बेरीज.”

वायरमनने खिशातून कागद काढला. खरं तर कागद लागणार नव्हता. बायको खुर्चीत सरळ बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावरची मघाची ती नजर आता कुठे दिसत नव्हती.

“दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही, दीड,” त्याने सुरुवात केली. “गीझर दोन.”

“साडेतीन.”

“झोपायच्या खोलीतला एसी. दोन.”

“साडेपाच.”

मेहुणी दार ओढून उंबऱ्याबाहेर उभी होती, ओले हात पदराला पुसत.

“वरच्या खोलीतला राहिला, भाऊजी,” ती म्हणाली.

तो राहिला नव्हता, पुढच्याच ओळीवर होता.

“हो. वरच्या खोलीतला. दोन,” वायरमन म्हणाला. “ओव्हन, भिंतीतला. तीन. भांडी धुण्याचं यंत्र, दोन. ट्रेडमिल, दीड.”

त्याने ते असं सावकाश, एकेक नाव जागेवर ठेवत वाचलं, की सासऱ्यांनी मध्येच मान वर करून घराकडे कौतुकाने पाहिलं. चौदा, ते म्हणाले. टबाचे सात. एकवीस. सहा जास्त. मग सासऱ्यांनी, आयुष्यभर अवघड गणितं सोडवलेल्या माणसाच्या जिद्दीने, वजाबाकी सुरू केली. ओव्हन काढा. ओव्हन काय रोज लागतो? एक एसी काढा, एका खोलीत झोपा. सोळा. राहिला एक. ट्रेडमिल काढली की साडेचौदा, बसतोय टब. ते साडूकडे वळले आणि म्हणाले, विकून टाका हो ती ट्रेडमिल, रस्ते काय कमी आहेत चालायला?

साडूने आधी वायरमनकडे पाहिलं. वायरमन कागदाकडे बघत होता.

“नाही बाबा,” साडू म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच कापला. “ट्रेडमिल मी देणार नाही.”

ट्रेडमिलवर इतका जीव त्याने ती घरात असताना कधी लावला नव्हता. सासरे त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला आणि डबी पिशवीत, चड्डीच्या शेजारी.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. साडूने सगळ्यांच्या देखत वायरमनला दोन शब्द ऐकवले, मागच्या वर्षीचे तीन आठवडे काढले, तुमच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती असं म्हणाला. हे ठरलेलं नव्हतं, पण तो ते इतकं मनापासून म्हणाला, की वायरमनला वाईट वाटलंच. त्याने उलट उत्तर दिलं नाही. कागदावर, बसत नाही, असं लिहिलं, खाली सही केली, परवान्याचा नंबर टाकला आणि टेप गुंडाळून पिशवीत भरला. निघताना सासरे कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाले, की काही माणसांचा स्वभाव जात नाही. मेहुणी फाटकापर्यंत आली. तिने ताईचा निरोप घेतला. ताई-भाऊजी वळेपर्यंत ती फाटक उघडं धरून उभी राहिली.

पहिली गल्ली बायको चार पावलं पुढे चालली. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

“एकच विचारते. खोटं बोलू नका. बसत होता ना टब?”

वायरमनने पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. बाजूच्या घरात कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालू होत्या.

“बसत होता,” तो म्हणाला.

“मग?”

“मला बघवलं नाही.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं, पण तिने फक्त लांब श्वास सोडला.

“चला,” ती म्हणाली. “निदान कबूल तरी केलंत.”

आणि तिने पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला.